येते

१

कोण्या एका शहरात, चौथ्या मजल्यावरच्या एका घरात, तीन माणसं सुखाने भांडत राहत होती. एक चष्मेवाला, एक त्याची बायको आणि एक त्याची थोरली बहीण. चष्मेवाला दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचा आणि घरी आला की स्वतःचा शोधत फिरायचा. बायको पडदे शिवायची. डोळे मिटून कापड दोन बोटांत धरलं तरी त्यात सूत किती नि भेसळ किती ते सांगायची, म्हणून सगळे तिला पडदेवालीच म्हणत. आणि थोरली बहीण होती बसवर कंडक्टर. त्या बाईंचं सगळं आयुष्य ‘पुढे सरका, आत जागा आहे’ म्हणण्यात गेलेलं. आवाज असा, की त्या स्वयंपाकघरात कुजबुजल्या तरी खालच्या मजल्यावरचा माणूस उत्तर द्यायचा.

घरात कशाची वाण नव्हती. फक्त मूल नव्हतं. राहिलं नाही असं नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. पहिल्या वेळी कंडक्टरबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी तिकिटं फाडता फाडता अख्ख्या बसला सांगून टाकलं. मग गेलं, तेव्हा तेही त्यांनाच एकेकाला सांगावं लागलं. पुढे किती दिवस पडदेवाली बसमध्ये चढली की बायका तिच्याकडे बघून चुकचुकायच्या, उठून तिला जागा द्यायच्या. ती जागा तिला काट्यासारखी टोचायची.

तेव्हाच तिने मनाशी गाठ मारली. तिसऱ्यांदा दिवस गेले तर पोट आपणहून बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. नवऱ्याशीही नाही. नवऱ्याच्या कानात पडलेली गोष्ट बहिणीच्या तोंडात जायला जिना लागत नाही.

आणि नेमके तिसऱ्यांदा दिवस गेले ते परदेशच्या सहलीची तिकिटं हातात पडल्यावर. कंडक्टरबाई निवृत्त झाल्या होत्या. ‘जन्मभर एकाच रस्त्याने गेले नि आले,’ म्हणाल्या, ‘आता मला दुसऱ्या कुणीतरी चालवलेल्या गाडीत बसून खिडकीतून बघायचंय.’ पडदेवाली काय बोलणार? तिने बॅग भरली. कपड्यांच्या तळाशी गोळ्यांची पट्टी मोज्यात गुंडाळून ठेवली.

२

परदेशातल्या त्या लहानशा गावात दोन दिवसांत बघायचं ते बघून झालं. दुकानं झाली, तळं झालं, तळ्यातली बदकंही ओळखीची झाली. मग हॉटेलच्या काउंटरवर चष्मेवाल्याला एक रंगीत पत्रक सापडलं.

‘जमिनीखालची साहसी सहल,’ त्याने चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. ‘सहकुटुंब!’

पत्रकावर मोठी थोरली गुहा होती, दिव्यांनी झगझगणारी, आणि तिच्यात एक मूल हसत उभं होतं. पडदेवालीने तो फोटो नीट बघून घेतला. जिना होता, कठडा होता. मूल जाऊ शकतं तर आपण का नाही, असं तिने पोटावर हात न ठेवता मनातल्या मनात पोटाला सांगितलं.

गुहेच्या तोंडाशी एक लाकडी खोली होती. तिथे सगळ्यांना गळ्यापासून घोट्यापर्यंतचे, पाय घालून चढवायचे जाड मेणचट कापडाचे अंगरखे दिले, डोक्याला दिवा लावलेलं हेल्मेट दिलं, कोपरांना गाद्या दिल्या, हातांत पिवळे हातमोजे दिले. वाटाड्या दाढीवाला, आडव्या अंगाचा, शब्द मोजून टाकणारा. त्याची भाषा चष्मेवाल्यालाच काय ती थोडीफार समजायची.

‘काय म्हणतोय?’ कंडक्टरबाईंनी विचारलं.

‘म्हणतोय, हातमोजे काढू नका. दगड हात कापतो.’

‘त्याला सांग, पन्नास पैशांसाठी भांडणाऱ्या माणसांनी माझे हात कापलेले नाहीत, दगड काय कापतो!’ पण मोजे त्यांनी घातले. मोज्यांची बोटं आखूड पडतात, टोचतात म्हणून जिना उतरेपर्यंत त्या कुरकुरत होत्या.

जिना लांब होता. उतरता उतरता वरचा उजेड आधी ताटाएवढा झाला, मग वाटीएवढा, मग नाहीसाच झाला. पडदेवालीने ते बघितलं आणि पुन्हा वर बघितलं नाही.

३

खाली ती पत्रकातली मोठी गुहा होती. दिवे होते, बाक होते, कठडा होता. पडदेवाली म्हणाली, ‘किती छान!’ आणि बाकावर बसलीसुद्धा. तिला वाटलं, झालं.

पण वाटाड्या पलीकडच्या भिंतीशी जाऊन उकिडवा बसला. तिथे जमिनीलगत एक भोक होतं. भट्टीच्या तोंडासारखं काळं, पण तेवढंही उंच नाही. वाटाड्या बोलत गेला, चष्मेवाला सांगत गेला. साहस म्हणतात ते इथून पुढे. पोटावर सरपटत जायचं. मधे एक चिंचोळी जागा आहे, तिथे श्वास सोडून अंग बारीक करायचं. मग पलीकडे उभं राहायला जागा आहे आणि वर जायला शिडी. ज्याला नको असेल त्याने आल्या जिन्याने परत जावं, इथे दिवे आहेत, कुणी हरवत नाही. आणि एकच नियम. आत मान वळत नाही, मागचं माणूस दिसत नाही. म्हणून पुढच्याने मागच्याला हाक मारून विचारायचं, येताय ना? उत्तर आलं तरच पुढे सरकायचं.

‘मी इथेच बसते,’ पडदेवाली म्हणाली. ‘तुम्ही या जाऊन.’

‘अगं, एवढ्या लांब येऊन?’ चष्मेवाल्याचा चेहरा पडला. ‘तू तर आपल्यात सगळ्यांत बारीक!’

‘नको. मला कसंतरी होतंय.’

कंडक्टरबाई फिस्सकन हसल्या. ‘कसंतरी होतंय! कालपासून जेवण बघून तोंड वाकडं करतेस, आता भोक बघून कसंतरी होतंय. दिवसबिवस गेले की काय तुला?’

त्या गंमत करत होत्या. पण पडदेवालीला पुढचं सगळं दिसलं. आता ‘नाही’ म्हणून बसून राहावं, तर ती गंमत तिथेच खरी होते. तासाभरात नवऱ्याला कळेल, संध्याकाळपर्यंत तिकडे ओळखीपाळखीत सगळीकडे फोन जातील. मग पुन्हा ती बस आणि पुन्हा त्या चुकचुकणाऱ्या बायका.

‘काहीतरीच काय ताई!’ ती म्हणाली आणि उठली. ‘चला, जाऊ या.’

आधी वाटाड्या गेला. त्याचे बूट आत ओढल्यासारखे नाहीसे झाले. मागून चष्मेवाला गेला. मग पडदेवाली गुडघ्यांवर बसली, कोपरं टेकली आणि डोकं आत घातलं. खांदे आत गेले. तेवढ्यात मागून कंडक्टरबाईंचा खणखणीत आवाज आला.

‘बरं गं बाई, येते मी!’

चला, ताई मागे आहेत, असं पडदेवालीला वाटलं. एवढा आधार तिला त्या बाईंचा कधीच वाटला नव्हता.

४

आत दगडाला घाम फुटला होता. खाली गार चिखल, वर पाठीला घासणारा खडक. पडदेवाली कोपरावर अंग तोलून पोट जमिनीपासून बोटभर उचलून धरत होती. असं सरपटणं कुणाला जमणार? पण ती सरपटत होती. पुढे नवऱ्याच्या बुटांचे तळवे हलत होते, आणि त्यांच्या पलीकडून वाटाड्याच्या धापा ऐकू येत होत्या.

‘येतेस ना?’ पुढून नवऱ्याने विचारलं.

‘येतेय!’ म्हणाली आणि मग मागच्यासाठी ओरडली, ‘ताई, येताय ना?’

मागून उत्तर आलं. ‘येते.’

ती सरकली. जरा अंतर गेलं. पुन्हा नवऱ्याने विचारलं, पुन्हा तिने विचारलं.

‘येते.’

आता हे ऐकून दुसऱ्या कुणाला काही वाटलं नसतं. पण पडदेवाली त्या बाईंबरोबर एका घरात इतकी वर्षं राहिली होती. कंडक्टरबाईंनी आजवर एका शब्दाचं उत्तर कधी दिलं नव्हतं. चहा हवा का विचारलं तर चहाच्या निमित्ताने तीन माणसांचा उद्धार व्हायचा. आणि इथे, चिखलात, कोपरांवर, आखूड हातमोज्यांत, त्या नुसतं ‘येते’ म्हणत होत्या? ‘पुढे सरका, आत जागा आहे’ म्हणायची एवढी आयती संधी सोडून?

दमल्या असतील, तिने मनाशी म्हटलं. वय झालं. माणूस सरपटताना भाषण करत नाही.

आवाजही बसलाय थोडा. दगडात बसतोच.

तरी पुढच्या खेपेला तिने मुद्दाम लांबलचक विचारलं, ‘ताई, हातमोजे टोचताहेत का हो अजून? थांबायचं का जरा?’

मागे सगळं शांत झालं. घासण्याचा आवाजही थांबला. मग अगदी जवळून, तिच्या टाचांजवळून, पुन्हा तेच.

‘येते.’

५

चिंचोळी जागा आली. नवऱ्याचे बूट धडपडले, एकदा आपटले आणि पलीकडे उजेडात गेले. ‘सोपं आहे गं!’ त्याचा आवाज मोकळ्या जागेतून आला. ‘श्वास सोड आणि ये!’

पडदेवालीने श्वास सोडला आणि पुढे रेटलं. खांदे गेले, छाती गेली आणि कमरेशी दगडाने तिला धरलं.

ती मागे सरली, तर मागेही सरता येईना. अंगरखा कुठेतरी अडकला होता. वर खडक, खाली खडक. श्वास पुरा घ्यावा तर पाठ वर टेकायची आणि पोट खाली दाबलं जायचं. म्हणून ती अर्धाच श्वास घ्यायला लागली.

‘अडकले मी,’ ती म्हणाली. आवाज तिच्याच तोंडावर परत आला.

‘अडकत नाही कुणी! तो म्हणतोय घाबरू नको. शांत राहा, तो हात देतोय.’

समोर वाटाड्याचा पिवळा हातमोजा आला, पण तिच्या बोटांपर्यंत पोचेना. पलीकडे दोघांची बोलाबोली चालली. ती तशीच पडून राहिली, गाल चिखलात टेकून. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं ते उजेडाचं.

ताईंच्या डोक्याला दिवा होता. मागे माणूस असेल तर त्याचा उजेड आपल्या अंगावरून पुढे पडायला हवा. आपली सावली समोर हलायला हवी. इतका वेळ समोर फक्त तिचा एकटीचा उजेड होता.

दिवा विझला असेल, तिने स्वतःला समजावलं. विझला असेल नि त्या बोलल्या नसतील. ताई? दिवा विझल्यावर? बोलल्या नाहीत?

तेवढ्यात तिच्या घोट्याला कुणीतरी धरलं.

पायमोजा आणि अंगरखा यांच्या मधे बोटभर कातडी उघडी पडली होती, तिथे. पडदेवालीला कापड कळायचं. हातमोज्याचं रबर कसं लागतं ते तिला ठाऊक होतं. हे रबर नव्हतं. ही उघडी बोटं होती. चिखल नव्हता त्यांना. त्या सगळ्या गारठ्यात ती ऊबदार होती, नुकती झोपेतून उठल्यासारखी.

मोजे काढले असतील ताईंनी, तिचं डोकं म्हणालं. टोचत होते ना. काढले असतील.

पण बोटं फार लहान होती.

६

आणि मग कमरेत कळ आली.

ती कळ तिच्या ओळखीची होती. दोन्ही वेळा अशीच आली होती. आधी पाठीच्या तळाशी, मग गोल फिरून पुढे, जसा कुणी कमरेला दोर बांधून हळूच आवळावा. दोन्ही वेळा त्यानंतर जे व्हायचं ते झालं होतं. निदान तेव्हा ती अंथरुणात होती, दार उघडता येत होतं, कुणाला हाक मारता येत होती. इथे तिला गुडघे जवळ घेता येईनात. पोटाशी हात नेता येईना. दोन्ही हात पुढे लांब झालेले आणि मधला दगड काही त्यांना मागे येऊ देईना.

घोट्यावरची बोटं सुटली नव्हती.

नवरा पलीकडून काहीतरी म्हणत होता. तिला ते ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. तिने गाल चिखलात दाबला आणि पुटपुटली. पोटाशी बोलत होती ती. दुसऱ्या कुणाशी नाही.

‘जाऊ नकोस. ऐकतेस ना? या खेपेला जाऊ नकोस. माझ्याबरोबर ये. वर उजेड आहे. ये माझ्याबरोबर.’

‘येते,’ मागून आवाज आला.

कळ थांबली. दोर कापावा तशी थांबली.

पडदेवालीने हनुवटी छातीशी ओढली. मान वळत नाही हे खरं, पण डोकं खाली घातलं तर दिव्याची तिरीप अंगाखालून मागे जाते, दोन पायांच्या मधून. तिला बघायचं नव्हतं. तरी तिने बघितलं.

तिचे बूट होते. बुटांच्या पलीकडे कुणी कंडक्टरबाई नव्हत्या, कुणाचा अंगरखा नव्हता. बुटांच्या मधे, जमिनीला लागून, काहीतरी गोल होतं. ओलं होतं. त्याच्यावर काळे केस चपचपीत चिकटलेले होते. चेहरा खाली होता. आणि ते हळूहळू वर येत होतं.

तिने डोळे घट्ट मिटले आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा श्वास सोडून दिला. वाटाड्याने मनगटं धरली. कापड टरकन फाटलं. ती पलीकडे आली.

७

तिथे उभं राहता येत होतं, पण ती उभी राहिली नाही. भोकाकडे पाठ करून बसली, मग भोकाकडे तोंड करून बसली.

‘ताई आत आहेत,’ ती म्हणाली.

‘ताई? ताई कुठे आली?’ चष्मेवाल्याने वाटाड्याला विचारलं. वाटाड्याने मान हलवली. मग काय वाटलं कोण जाणे, तो पुन्हा पोटावर झोपला आणि त्या भोकात शिरला. बराच वेळ त्याचं घासणं ऐकू येत राहिलं. परत आला तेव्हा तो चष्मेवाल्याशी थोडंसं बोलला.

‘काय म्हणाला?’

‘आत कुणी नाही. म्हणाला, आवाज घुमतो तिथे.’

‘तुम्ही ऐकलंत ना? मी विचारायची, त्या येते म्हणायच्या.’

चष्मेवाला तिच्या तोंडावरचा चिखल पुसत होता. त्याचा हात थांबला. ‘ऐकलं की. पण तूच म्हणत होतीस ना दोन्ही? मला वाटलं, भीती जावी म्हणून स्वतःशीच बोलतेयस. आवाज तर तुझाच होता.’

शिडी चढून वर आले तर लाकडी खोलीबाहेरच्या बाकावर कंडक्टरबाई उन्हात बसलेल्या. हातात कॉफीचा कागदी पेला. हातमोजे बाजूला नीट घडी करून ठेवलेले. अंगरख्याला चिखलाचा ठिपका नाही.

‘आलात? केवढा हा अवतार! अगं, तू रडतेस काय?’

‘ताई, तुम्ही मागे नव्हता?’

‘मी? त्या उंदराच्या बिळात? तुला सांगूनच निघाले की मी. येते म्हणाले ना?’

‘मला वाटलं, तुम्ही येताय.’

‘शहाणीच आहेस! निघताना माणूस काय जाते म्हणतं का? आणि तेही असल्या भोकाच्या तोंडाशी? शुभ बोल म्हणतात. येतेच म्हणायचं.’ मग त्या स्वतःच हसू लागल्या. भावाला कोपराने ढोसत म्हणाल्या, ‘बघ रे, माझ्या एका शब्दावर बिचारी सरपटत गेली! मी मागे आहे असं समजून! एवढी माया मला माहीत नव्हती हो.’

पडदेवाली हसली नाही. ती त्या शब्दाचाच विचार करत होती. जायला निघालेलंही येते म्हणतं. यायला निघालेलंही येते म्हणतं. कळ थांबली तेव्हा कुणी म्हटलं होतं ते? आणि कुठल्या अर्थाने?

मग तिने तिथेच, उन्हात, दोघांना सांगून टाकलं. गाठ मारलेली होती, ती सुटली. चष्मेवाला मटकन खाली बसला. कंडक्टरबाईंच्या हातातली कॉफी सांडली आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, स्वतःच्या गालावर एक मारून घेतली आणि तिला अशी मिठीत घेतली, की तिचा चिखल त्यांच्या सगळ्या अंगभर झाला.

८

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी परतल्यावर डॉक्टरीण म्हणाली, सगळं उत्तम आहे. जरा जास्तच उत्तम आहे. ठोके कसे दणदणीत! आधी इतके स्पष्ट नव्हते, ती म्हणाली आणि पुन्हा ऐकून बघितलं.

पडदेवालीने कुणाला काही विचारलं नाही. पडद्याची दुमड घालता घालता कधी विचार आला, की ती सुई जरा जोरात टोचायची. ठोके आहेत ना? आहेत. मग झालं तर. माणसाने मागितलं ते मिळालं, की कुणाच्या हातून मिळालं ते बघत बसू नये.

नऊ महिने भरले, वर एक दिवसही लागला नाही. दवाखान्याची खोली पांढरी लख्ख होती. कळा आल्या त्या रीतसर. नर्स तिच्या पायांशी उभी होती. ती एकदम हसली आणि म्हणाली, ‘डोकं दिसतंय हं! केस किती! आरसा धरू का? बघायचंय?’

‘नको,’ पडदेवाली म्हणाली. ‘बघितलंय मी.’

नर्सला वाटलं, बाई भ्रमात बोलतेय. तिने आरसा ठेवून दिला.

मुलगी झाली. छातीशी ठेवली तेव्हा तिने आईच्या बोटाभोवती आपली बोटं आवळली. ऊबदार बोटं, नुकतीच झोपेतून उठल्यासारखी. पडदेवालीने डोळे मिटले. कापड तिला कधी फसवायचं नाही. मग पान्हा फुटला. आईच्या अंगाला एवढंच कळतं, त्याच्या पुढचं कळत नाही. तिने लेकीला आणखी जवळ घेतलं.

बाहेर कंडक्टरबाईंनी एव्हाना अख्खा मजला उठवला होता. या खेपेला त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी बसच्या डेपोत जाऊन सांगितलं, तीन थांब्यांवर सांगितलं, आणि ते परत घ्यायची वेळ त्यांच्यावर आली नाही. चष्मेवाल्याने दुकानाला एका दिवसाची सुट्टी दिली आणि त्या धांदलीत स्वतःचा चष्मा एका गिऱ्हाइकाला देऊन टाकला.

आता ती पोर चांगली चालती-बोलती झालीय. कधी आजारी पडली नाही, कधी पडून गुडघा फोडला नाही. तिचा पायगुण असा, की चष्मेवाल्याचं दुकान दुप्पट झालं आणि पडदेवालीकडे कामाची रीघ लागली. रस्त्याने निघाल्या की पोर आईच्या पुढे कधी धावत नाही, बोट धरूनही चालत नाही. ती मागून चालते. टाचेला टाच लावून, अगदी जवळून. बघणारे म्हणतात, किती ही आईवेडी! आणि पडदेवाली हसून मान हलवते. मागे मात्र वळून बघत नाही.

तर अशी ती आली, आणि सुखाने राहिली. ज्यांच्याकडे आली तीही माणसं सुखाने राहिली. त्या घरात आता काही कमी नाही.